स्लीव्ह सर्जरीनंतर शाकाहारी आईचं प्रोटीन कसं भरून काढायचं? त्यात आषाढी तोंडावर आलीये

केतकीबन

नमस्कार मंडळी. माझ्या आईचं (वय ५८) वजनाचं ऑपरेशन झालंय, स्लीव्ह, आता तिसरा महिना चालू आहे. शुगर छान खाली आलीये, गुडघे बरेच हलके झालेत, जिना न थांबता चढते, त्यामुळे ऑपरेशनबद्दल तक्रार काहीच नाही. प्रश्न जेवणाचा आहे. घरी सोडताना डायटिशियननी सांगितलं होतं की रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायलाच हवं. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. आई सकाळी अर्धी वाटी मऊ वरणभात खाते, दुपारी अर्धी पोळी दुधात कुस्करून आणि दोन चमचे भाजी, संध्याकाळी चहा-बिस्कीट, रात्री मुगाची खिचडी. काल कागद घेऊन हिशोब केला तर कसंबसं २५ ग्रॅम भरतंय. विंचरताना केसांचे पुंजके हातात येतात, दुपारनंतर तिला उठवत नाही.

वर आषाढी आलीये आणि तिने चातुर्मासाचे नेम आत्ताच सांगून ठेवलेत, एकादशी, सोमवार, कांदा-लसूण बंद. मामी रोज फोनवर सांगते की एवढंसं खाऊन माणूस कसं जगेल, भात वाढव. प्रोटीन पावडर आणलीये पण आईला वासानेच मळमळतं. कोथरूडला राहतो, सामान सगळं मिळतं, पण नक्की काय आणि कसं करायचं ते कोणीतरी स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगा प्लीज.

पर्वतीपायथा

केतकी, आधी एक श्वास घे, तिसऱ्या महिन्यात हे जवळजवळ प्रत्येकाच्या घरी चाललेलं असतं. माझी बायपास झालीये, हृदयाची नाही, वजनासाठी जठर-आतड्याची करतात ती, बरीच वर्षं झाली, आमचंही घर शाकाहारीच.

तुझा कागद वाचला तर आईच्या खाण्यात गडबड कुठे आहे ते लगेच दिसतं. वरणभात, पोळी, खिचडी, बिस्कीट, म्हणजे प्रत्येक वेळी पोटातली जागा आधी भात-पोळी खातेय. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्तच काढून टाकतात, उरतं ते साधारण १०० ते १५० मिली, म्हणजे आपली एक आमटीची वाटी. त्या वाटीत पातळ वरण घातलंस तर त्यात ३-४ ग्रॅम प्रोटीन, बाकी पाणी. आपल्याकडे वरण म्हणजे प्रोटीन असं डोक्यात पक्कं बसलंय, पण डाळीत २२-२४ टक्के प्रोटीन असतं ते कोरड्या डाळीत. शिजवून पाणी घालून सरबरीत केली की तेच प्रोटीन तीन-चार वाट्यांत पसरतं, आणि आईला तर एकच वाटी जाते.

म्हणून आमच्याकडे नियम एकच ठेवला, पहिला घास प्रोटीनचा. ताटात आधी पनीर, चक्का, घट्ट उसळ, काय असेल ते. ते संपलं की भाजी. आणि जागा उरलीच तर पोळीचा तुकडा. नाही उरली तर नाही, त्यात काही बिघडत नाही. मामींना सांग की भात वाढवून आईला ताकद येणार नाहीये.

चक्का करून बघ. अर्ध्या लिटर दुधाचं दही विरजायचं, ताजं हवं, आंबट झालं की आई खाणार नाही. रात्री मलमलच्या फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवायचं, खाली पातेलं. बाहेर नळाला टांगलं तर या हवेत सकाळपर्यंत आंबतं. सकाळी वाटीभर घट्ट चक्का निघतो, त्यात १२-१४ ग्रॅम प्रोटीन असतं. साखर अजिबात घालायची नाही, म्हणजे श्रीखंड नाही करायचं. चिमूट मीठ, जिरेपूड, चमचाभर मेतकूट, चमच्याने एकजीव फेटायचं. माझ्या अनुभवात गोड शेकपेक्षा हे तिखट-मिठाचं पोटाला जास्त सोसवतं. एका वेळी अर्धा, उरलेला चार वाजता चहा-बिस्किटाच्या जागी. खाली जमलेलं पाणी फेकू नकोस, त्यातही थोडं प्रोटीन असतं, बाकीच्यांच्या कणकेत नाहीतर कढीत घाल.

देवगडवाला_हडपसर

आमच्याकडे मिसेसची स्लीव्ह झाली, आम्ही मासे खाणारे त्यामुळे तुलनेने सोपं गेलं, बांगडा-सुरमई मऊ असते, उकडून काटे काढून कुस्करली की सहज जाते. चिकनचं मात्र उलट झालं, कोरडं चिकन छातीत अडकल्यासारखं व्हायचं आणि तोंडात फेस यायचा. खिमा करून रश्श्यात दिला तेव्हा जमलं. अंडं चालत असतं तर म्हणालो असतो की एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतात आणि उकडून दह्यात कुस्करलं की चावायचंसुद्धा काम नाही. पण तुमच्या घरचा नियम आहे तर तो राहू दे, आईला न आवडणारं खायला लावण्यात काही अर्थ नाही. तरी हा धागा मांसाहारी मंडळीपण वाचतील म्हणून लिहून ठेवतोय.

अजून एक, पाणी. जेवताना तांब्या-भांडं समोरच ठेवू नका. जेवणाबरोबर प्यायलं की जागा पाण्यानेच भरते, वर मळमळतं. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं आणि मग दिवसभर घोट घोट. दीड लिटर तरी व्हायला पाहिजे. आमच्याकडे मिसेसनी अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या सकाळी ओट्यावर भरून ठेवायला सुरुवात केली, झोपायच्या आत तिन्ही रिकाम्या करायच्या.

मंडईमागे

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. या पावडरी वगैरे सगळं जिमवाल्यांचं खूळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात स्पष्ट लिहिलंय की प्रोटीन सप्लिमेंट टाळा. आणि साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं हेही त्यांचंच. मग ५८ वर्षांच्या बाईच्या किडनीवर कशाला उगाच भार? घरचं सकस अन्न द्या, साजूक तूप द्या.

आहारवही

मंडईमागे, तुम्ही वाचून लिहिलंय म्हणून नीट उत्तर देते. मी डायटिशियन आहे, अशा ऑपरेशनचे पेशंट रोज बघते.

तुम्ही म्हणताय ती तत्त्वं निरोगी, पोटभर जेवणाऱ्या माणसासाठी आहेत आणि त्यातला पावडरीबद्दलचा सल्ला शरीर कमवायला म्हणून खाणाऱ्यांसाठी आहे. तिथे मी तुमच्याशी सहमतच आहे. पण इथे माणूस एका वेळी अर्धी वाटी खातोय आणि वजन भराभर उतरतंय. उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. प्रोटीन कमी पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, आणि ५८ व्या वर्षी गेलेला स्नायू परत आणणं फार अवघड. म्हणून या पेशंटना रोज किमान ६० ग्रॅम, किंवा उंचीप्रमाणे जे योग्य वजन असेल त्याच्या किलोमागे १ ते दीड ग्रॅम असं धरतात. किडनी ठीक असेल तर ६०-८० ग्रॅम हे काही जास्त नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते त्यावरून कळतं) वाढलेलं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच आकडा ठरवायचा, तिथे तुमची काळजी अगदी रास्त आहे.

तुपाचं म्हणाल तर तुपात प्रोटीन नसतं. चमचाभर चवीला ठीक, ताकदीला म्हणून नको.

केतकी, पावडरबद्दल. वास सहन होत नाही तर आधी डबा बदलून बघ. बिनचवीची, व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची, आयसोलेट प्रकारची घे, तिच्यात दुधातली साखर जवळजवळ नसते, त्यामुळे गॅस-जुलाबाचा त्रास कमी होतो, ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना दूध पचेनासं होतं. लेबलवर १०० ग्रॅमला किती हे न बघता एका स्कूपला किती ते बघायचं, साधारण ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २२ ते २५ ग्रॅम असायला हवं. साखर किती तेही तिथेच लिहिलेलं असतं. एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर डब्यावर आहे ना बघ. माल्टची पेयं आणि कोलाजेन पावडर यावर भिस्त ठेवू नका, पहिल्यात साखर फार, दुसऱ्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नसतंच.

आणि ती उकळत्या दुधात टाकू नकोस, गुठळ्या होतात आणि वास तिथेच सुटतो. कोमट झालेल्या पदार्थात आधी थोड्या पाण्यात कालवून मिसळ. माझ्या एका पेशंटच्या सुनेने अर्धा स्कूप चक्क्यात आणि अर्धा कोमट मुगाच्या कढणात घालायला सुरुवात केली, आजींना पत्ताही लागत नव्हता असं नाही, त्यांना सांगूनच केलं, पण वास गेला म्हणून त्या घ्यायला लागल्या.

केसांचं थोडं सांगते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात ते बहुतेक ऑपरेशनच्या आणि झपाट्याने उतरलेल्या वजनाच्या धक्क्याने, मुळं जिवंत असतात, परत येतात. पण सहा महिन्यांनंतरही थांबलं नाही, किंवा पायावर सूज यायला लागली तर प्रोटीन, लोह, झिंक, बी-१२ हे सगळं तपासायचं.

हिंजवडी_नाईटशिफ्ट

मी ३४, माझी पण स्लीव्ह आहे, एकटा राहतो, मेसचा डबा. ज्यांच्या घरी करणारं कोणी नाही त्यांच्यासाठी लिहितो. सोया चंक्स आणा, कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५० च्या वर प्रोटीन असतं, २० ग्रॅम म्हणजे छोटी मूठभर घेतली तर १० ग्रॅम. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळायचे, पिळले नाहीत तर तो वास राहतो, मग मिक्सरला एकदा फिरवून डब्यातल्या भाजीच्या रश्श्यात टाकायचे, खिम्यासारखं होतं आणि मऊ लागतं. दुसरं, साय काढलेल्या दुधाची पावडर, दोन मोठे चमचे दुधात ढवळले की ५ ग्रॅम वाढतात आणि प्यायचं दूध तेवढंच राहतं. व्हेच्या मानाने खूप स्वस्त.

रात्री दोन वाजता कॅन्टीनमध्ये भूक लागते तेव्हा फरसाण, चिवडा, खारी, बाकरवडी यांच्यापासून लांब राहा. मला आधी वाटायचं आता पोट लहान आहे म्हणजे जास्त जाणारच नाही, पण असल्या कुरकुरीत गोष्टी तोंडात विरघळून सरकत खाली जातात, पोट भरल्याची खूण येतच नाही आणि पुडा संपतो. पनीरचे दोन तुकडे खाऊन जे पोट भरतं ते चिवड्याने भरत नाही. माझ्या ओळखीच्या दोघांचं वजन परत वाढलं ते याच वाटेने.

केतकीबन

सगळ्यांचे मनापासून आभार. आहारवही, आयसोलेट मागवलीये. आज पनीर केलं, ५० ग्रॅम कुस्करून हिंग-जिऱ्याच्या फोडणीत परतलं आणि वरून दोन चमचे चक्का, आईने सगळं संपवलं आणि मग पोळी नको म्हणाली. आता मोठा प्रश्न उपवासाचा. ती ऐकायला तयार नाही. म्हणते इतक्या वर्षांची एकादशी आजारपणामुळे मोडणार नाही. आणि उपवासाला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाटा.

पर्वतीपायथा

मोडायला सांगूच नकोस. श्रद्धेचा भाग आहे, त्यात हात घातला की बाकीचंही ऐकणार नाही. पदार्थ बदल फक्त. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य असतं, शिवाय चिकट, नवीन पोटात गोळा होऊन बसतो, तो या वर्षी पूर्ण बंद. दूध, दही, चक्का, ताक, घरचं पनीर हे सगळं उपवासाला चालतं ना? म्हणजे आईची निम्मी-अधिक गरज तिथेच भागते. राजगिऱ्याचं पीठ असतं, त्यात धान्यांपेक्षा बरं प्रोटीन असतं, पनीर किसून राजगिऱ्याच्या पिठात घालून तव्यावर छोटं मऊ थालीपीठ लाव, चक्क्याबरोबर दे. दाण्याची आमटी चालेल पण घट्ट आणि थोडीच, दाण्यात तेल खूप. राजगिऱ्याचा लाडू नको, गूळ आहे.

आपल्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला, लहान लेकराला उपवासाची सूट आधीपासून आहेच. माझ्या सासूबाई वारकरी घरातल्या, त्यांनी मला सांगितलं होतं की पहिलं वर्षभर तू फक्त तुळशीला पाणी घाल आणि हरिपाठ म्हण, तुझी एकादशी मी करते. आईशी कोणी वडीलधारं माणूस असं बोललं तर फार फरक पडेल. मामीच बोलल्या तर उत्तम!

कांदा-लसूण सोडलं तर मुळीच हरकत नाही. चातुर्मासात तेवढंच सोडू दे, पनीर-डाळ नाही.

आहारवही

पर्वतीपायथाशी सहमत, पण दोन गोष्टी वैद्यकीय आहेत त्या सांगायलाच हव्यात.

एक, आई मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन अजून घेत असेल तर उपवासाच्या आधी डॉक्टरांशी बोला. ऑपरेशननंतर औषधाची गरज झपाट्याने कमी होते, जुन्याच डोसवर उपवास केला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. बीपीच्या गोळ्यांचंही तेच. आणि निर्जळी अजिबात नाही, पाणी कमी पडणं हे ऑपरेशननंतर दवाखान्यात परत यायचं एक नेहमीचं कारण आहे.

दोन, उलट्या. एखादा घास अडकून एकदा उलटी झाली तर समजू शकतं, हळू खा, घास लहान घ्या, वीस-पंचवीस मिनिटं लावा. पण दिवसामागून दिवस उलट्या होत असतील, काहीच टिकत नसेल तर घरी लिंबूपाणी देत बसू नका. बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा थोडाच असतो, काही आठवड्यांत संपतो. चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ ही मेंदूवर परिणाम झाल्याची लक्षणं आहेत, लगेच दवाखाना गाठायचा, आणि तिथल्या डॉक्टरांना वजनाचं ऑपरेशन झालंय हे पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी बी-१ द्यावं लागतं. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

देवगडवाला_हडपसर

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंना नेमका तोल जायला लागला होता आणि घरचे अशक्तपणा म्हणून सोडून देत होते. वेळेत नेलं म्हणून बऱ्या झाल्या.

मंडईमागे

आहारवही, समजावून सांगितलंत, पटलं. माझ्या भावाचं वजनाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरतंय म्हणून विचारतो. लग्नकार्यात काय करायचं? आमच्याकडे तुळशीच्या लग्नानंतर रांगच आहे, आणि पंगतीत कोणी ऐकत नाही, जिलबी ताटात टाकूनच पुढे जातात.

पर्वतीपायथा

काका, भावाची बायपास असेल तर जिलबीबद्दल त्याच्या बायकोला, आईला आणि आग्रह करणाऱ्या प्रत्येकाला आधीच स्पष्ट सांगा. गोड पटकन आतड्यात उतरलं की अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब, आणि काहींना एक ते तीन तासांनी शुगर पडून थरथर. मला एका मुंजीत बासुंदीच्या चार चमच्यांनी झालंय, हॉलच्या मागच्या खोलीत सतरंजीवर आडवं पडावं लागलं, अंगावरची साडी घामाने ओली. स्लीव्हमध्ये हे कमी होतं पण होतं.

मी आता घरून थोडं पनीर किंवा चक्का खाऊन निघते, पंगतीत न बसता बुफे असेल तिथे छोटी वाटी घेते, मठ्ठा घोट घोट पिते. अन्न टाकायचं नाही हे आपल्यावर लहानपणापासूनचे संस्कार आहेत, म्हणून ताटात येऊच द्यायचं नाही. आलंच तर पोट गच्च झाल्यावर टाकलेलं बरं. शेवटचा घास संपवायच्या नादात उलटी होते.

हिंजवडी_नाईटशिफ्ट

आणि केतकी, प्रोटीन नुसतं खाऊन स्नायू राहत नाहीत, त्यांना काम पण लागतं. माझ्या डॉक्टरांनी चालण्याबरोबर वजन उचलायला सांगितलं. आईंना जिम नको, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली. अर्थात डॉक्टर हो म्हणाले की मगच. मी सकाळी तळजाई टेकडीवर जातो, तिथे आईंच्या वयाच्या कितीतरी बायका असतात, सोबत मिळाली की माणूस जातं.

केतकीबन

हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. आजचा हिशोब टाकते, चुकलं असेल तर सांगा. सकाळी अर्धा चक्का अर्धा स्कूप घालून, १८. अकराला पनीर ५० ग्रॅम, ९. दुपारी मुगाचं एक मऊ धिरडं, डाळ भिजवून वाटलेली, ४० ग्रॅम कोरडी धरली तर ९. चारला उरलेला चक्का, ६. सहाला दूध दीडशे मिली, दुधाच्या पावडरीसकट १०. रात्री कढणात उरलेला अर्धा स्कूप, १५. बेरीज ६७! आईने सगळं संपवलं नाही, धिरडं अर्धं राहिलं, पण तरी साठच्या वर गेलंय. मामीशी बोलले, ती रविवारी येतेय, एकादशीबद्दल आईशी तीच बोलणार आहे.

शेवटचं एक. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन अशा गोळ्या आहेत, आई सगळ्या एकदम नाश्त्याला घेते, बरोबर चहा. चालतं का?

आहारवही

हिशोब बरोबर आहे, धिरड्यात पनीर किसून घातलंस तर अर्ध्यातही भागेल.

गोळ्या एकदम नकोत. कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेव. चहानेही लोह नीट लागत नाही, म्हणून लोह सकाळी चहाच्या खूप आधी, किंवा दुपारी जेवणानंतर लिंबूपाण्याच्या घोटाबरोबर. कॅल्शियम दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, त्यात खाण्यातलंही आलं, पण एका वेळी ५००-६०० च्या वर शरीर नीट घेत नाही, म्हणून दोन-तीनदा विभागून. सायट्रेट आहे की कार्बोनेट ते पाकिटावर बघ, जठरात आम्ल कमी झालेलं असतं त्यामुळे सायट्रेट बरं. अंगदुखीची गोळी डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणून देऊ नकोस, खासकरून बायपासवाल्यांना त्याने अल्सर होतो. आणि या गोळ्या बरं वाटलं म्हणून थांबवायच्या नसतात, जन्मभराच्या आहेत.

तीन महिन्यांच्या तपासणीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) एवढं तरी करून घे. रिपोर्ट आले की आकडे इथेच टाक.